कंपनीचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला? कागदांवरून माग काढण्याची रीत

लोकसभेत एखाद्या उद्योगपतीच्या नावावरून गदारोळ झाला की बाके दोन दिसतात: एक त्याच्या बाजूचे, एक विरोधातले. देणग्यांच्या याद्यांत मात्र ही रेघ बरेचदा सापडतच नाही. फ्यूचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस ही लॉटरीच्या धंद्यातली कंपनी घ्या. तिने १,३६८ कोटींचे निवडणूक रोखे (बँकेतून घेऊन पक्षाला द्यायचे, देणाऱ्याचे नाव न छापलेले कागद) विकत घेतले. त्यातले सुमारे ५४२ कोटी तृणमूल काँग्रेसला, ५०३ कोटी द्रमुकला, १५४ कोटी वायएसआर काँग्रेसला, १०० कोटी भाजपला आणि ५० कोटी काँग्रेसला मिळाले. एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष, आणि थैली एकच.

त्यामुळे अमुक उद्योगसमूह तमुक पक्षाचा, असे लिहिण्याआधी कागद जुळवावे लागतात. ते सगळे सार्वजनिक आहेत, फक्त चार ठिकाणी विखुरलेले आहेत आणि त्यांची भाषा एकमेकांशी जुळत नाही. एका कंपनीचा माग काढायला दोन संध्याकाळी, एक स्प्रेडशीट आणि कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर भरायचे १०० रुपये एवढे पुरते. समूहाचा माग काढायचा तर उपकंपन्यांची संख्या बघून वेळेचा हिशोब करा.

आधी वाटा ओळखा

कंपनीकडून पक्षाकडे कायदेशीर पैसा जाण्याच्या वाटा तीन. पहिली, थेट धनादेश किंवा बँकेतून वळती केलेली रक्कम. दुसरी, इलेक्टोरल ट्रस्ट, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घेऊन त्या पक्षांना वाटणारी संस्था. तिसरी, निवडणूक रोखे. ही तिसरी वाट २ जानेवारी २०१८च्या अधिसूचनेने उघडली आणि १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बंद केली. रोखीने किंवा वस्तुरूपाने जे दिले-घेतले जाते ते या रीतीने सापडणार नाही. त्याच्या मागे लागून वेळ घालवू नका.

थेट देणगीला कंपनी कायदा २०१३चे कलम १८२ लागू होते. त्यातल्या चार गोष्टी पाठ असू द्या. सरकारी कंपनीला देणगी देता येत नाही. जिला स्थापन होऊन तीन वर्षे झाली नाहीत त्या कंपनीलाही नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव व्हावा लागतो. आणि रक्कम नफा-तोटा पत्रकात दाखवावी लागते. पक्षाच्या स्मरणिकेत दिलेली जाहिरातसुद्धा या कलमाखाली देणगीच धरली जाते, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. अहवालात 'जाहिरात खर्च' या डोक्याखाली गेलेली रक्कम त्यामुळेच नजरेतून निसटते.

मर्यादेचा इतिहासही लागतो, कारण कोणत्या वर्षाला कोणता नियम लावायचा ते त्यावर ठरते. २०१७पर्यंत कंपनीला मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देता येत असे. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने ही मर्यादा काढली आणि पक्षाचे नाव जाहीर करण्याची सक्तीही काढली. रोख्यांच्या निकालात न्यायालयाने हे दोन्ही बदल घटनाबाह्य ठरवले. हिशोब असा: तीन वर्षांचा नफा १८, ३० आणि १२ कोटी असेल तर सरासरी २० कोटी, आणि मर्यादा दीड कोटी. इथे नफा म्हणजे कायद्याला अपेक्षित असलेला निव्वळ नफा. ताळेबंदाबरोबर छापलेला करोत्तर नफा तोच असतो असे नाही, म्हणून मर्यादेच्या अगदी काठावरची कंपनी दिसली तर 'मर्यादा ओलांडली' असे चटकन लिहू नका.

कंपनी नेमकी कोणती, हे पक्के करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मार्च २०२४मध्ये रोख्यांची यादी बाहेर आली आणि तिच्यात 'हब पॉवर कंपनी' हे नाव दिसताच पाकिस्तानी कंपनीने भारतीय पक्षाला पैसे दिल्याची बोंब उठली. त्या नावाची कंपनी पाकिस्तानात आहे खरी. तिने आपला या रोख्यांशी काही संबंध नसल्याचे लगेच सांगितले. नुसत्या नावावर विसंबले की असे होते.

उपाय म्हणजे सीआयएन, कंपनीचा २१ अक्षरांचा ओळख क्रमांक. रिलायन्स इंडस्ट्रीजचा असा आहे: एल १७११० एमएच १९७३ पीएलसी ०१९७८६. पहिले अक्षर सांगते की कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. नोंदलेली नसेल तर तिथे 'यू' असते. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार, मग दोन अक्षरे राज्याची, चार अंक स्थापनेच्या वर्षाचे, तीन अक्षरे कंपनीच्या जातीची (पब्लिक असेल तर पीएलसी, प्रायव्हेट असेल तर पीटीसी) आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. रिलायन्सच्या क्रमांकातले १७ कापडाचे आहे. तेल, दूरसंचार, किराणा असा पसारा वाढला तरी जुनी खूण अजून तशीच.

स्थापनेचे वर्ष क्रमांकातच असल्यामुळे तीन वर्षांचा नियम तिथल्या तिथे तपासता येतो. २०२२ला जन्मलेल्या कंपनीच्या नावावर २०२३ची देणगी दिसली तर थांबा आणि स्थापनेची पूर्ण तारीख काढा. कंपनी एका रूपातून दुसऱ्या रूपात गेली की क्रमांकाची काही अक्षरे बदलतात, शेवटचे सहा अंक सहसा तेच राहतात. स्प्रेडशीटमध्ये म्हणूनच सीआयएनचा एक आणि त्या सहा अंकांचा एक असे दोन स्तंभ ठेवा.

दुसरी फसगत आडनावाची. 'जिंदाल' हा एक समूह नाही. ओमप्रकाश जिंदाल यांच्या चार मुलांकडे चार वेगळे डोलारे आहेत: सज्जन यांच्याकडे जेएसडब्ल्यू, नवीन यांच्याकडे जिंदाल स्टील, पृथ्वीराज यांच्याकडे जिंदाल सॉ, रतन यांच्याकडे जिंदाल स्टेनलेस. यातले नवीन तर आधी काँग्रेसचे खासदार होते आणि २०२४मध्ये भाजपकडून कुरुक्षेत्रातून निवडून आले. चौघांच्या कंपन्यांची बेरीज करून 'जिंदालांनी इतके दिले' असे लिहिणे म्हणजे भाऊबंदकीतल्या चार चुलींचा एकच शिधा मोजण्यासारखे आहे. अंबानी बंधूंची वाटणी २००५ची, गोदरेज कुटुंबाची एप्रिल २०२४ची. वाटणीच्या तारखेआधीची देणगी कोणत्या कंपनीच्या खात्यातून गेली आणि ती कंपनी नंतर कोणाच्या वाट्याला आली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते दोन वेगळ्या स्तंभांत उतरवा.

विभाजन झालेल्या कंपन्यांत आणखी एक खोच असते. टाटा मोटर्सचे २०२५मध्ये दोन भाग झाले तेव्हा 'टाटा मोटर्स' हे नाव गेले व्यावसायिक वाहनांच्या नव्या कंपनीकडे, आणि मूळची १९४५ची कंपनी झाली 'टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेईकल्स'. उद्या कोणी नावाने शोध घेईल तर जुन्या कंपनीचा इतिहास नव्या कंपनीच्या माथी मारून मोकळा होईल. विभाजनाच्या योजनेत 'नियत तारीख' आणि 'अंमलाची तारीख' अशा दोन तारखा असतात. नियत तारीख हिशोबासाठी मागे नेलेली असू शकते. देणगी कोणी दिली हे ठरवताना त्या दिवशी बँक खाते कोणाच्या नावावर होते ते बघा.

समूहाचा विचार करायचाच असेल तर त्या कंपनीच्या वार्षिक अहवालातला एओसी-१ हा तक्ता घ्या. त्यात उपकंपन्या आणि सहयोगी कंपन्यांची यादी असते. मेघा इंजिनिअरिंगच्या नावावर ९६६ कोटींचे रोखे आहेत. तिच्याच समूहातल्या वेस्टर्न यूपी पॉवर ट्रान्समिशनचे २२० कोटी वेगळ्या नावाने नोंदलेले आहेत. फक्त पहिला आकडा लिहिणारा चुकत नाही, पण त्याने समूहाचा आकडा सांगितलेला नसतो. दोन्ही स्वतंत्र लिहून मग बेरीज द्यावी.

वार्षिक अहवालात कुठे बघायचे

नोंदलेल्या कंपनीचा अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. न नोंदलेल्या कंपनीसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स' निवडायचे, १०० रुपये भरायचे आणि एओसी-४ व एमजीटी-७ ही दोन कागदपत्रे उतरवून घ्यायची. पहिल्यात जमाखर्च, दुसऱ्यात भागधारक आणि संचालक. पैसे भरल्यावर कागद पाहण्याची मुदत ठरलेली असते, म्हणून आधी ठरवा काय हवे आहे आणि एकाच बैठकीत सगळ्या वर्षांचे उतरवून घ्या.

पुढची पायरी सोपी. एकत्रित नव्हे, स्वतंत्र नफा-तोटा पत्रक उघडा. देणगी एका विशिष्ट कंपनीने दिलेली असते. एकत्रित पत्रकात उपकंपन्यांचे आकडे मिसळतात. 'इतर खर्च' या टिपेवर जा. तिथे देणग्या, संकीर्ण खर्च किंवा सामाजिक दायित्व यांच्या आसपास एखादी ओळ किंवा तळटीप असते. फाइलमध्ये पोलिटिकल, इलेक्टोरल, बाँड, ट्रस्ट आणि १८२ हे पाच शब्द इंग्रजीतून एकेक करून शोधा. पाचव्या शब्दाने बऱ्याचदा बाकीच्या चारांनी न दिलेली ओळ हाती लागते. स्कॅन केलेला अहवाल असेल तर शोध चालणारच नाही. 'काही सापडले नाही' आणि 'काही नाही' यांत गल्लत करू नका, डोळ्यांनी टिपा वाचा.

एकक बघायला विसरू नका. पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कोटींत', 'लाखांत' किंवा 'दशलक्षांत' असे लिहिलेले असते. दशलक्ष म्हणजे १० लाख, म्हणजे २५० दशलक्ष हे २५ कोटी. एका शून्याची चूक बातमीचे वाटोळे करते आणि नंतरची दुरुस्ती कोणी वाचत नाही.

कंपनीने ट्रस्टला दिले असेल तर तिच्या अहवालात ट्रस्टचे नाव आणि रक्कम एवढेच असेल. पक्षाचे नाव तिने सांगावे अशी अपेक्षा तिथे नाही. थेट देणगी असेल तर मात्र नाव हवे. २०१७ ते २०२३ या काळातल्या अहवालांत 'राजकीय देणगी' एवढीच मोघम ओळ मिळेल, कारण तेव्हा नावाची सक्ती नव्हती.

रोख्यांची जुळवणी

निवडणूक आयोगाने २१ मार्च २०२४ला प्रसिद्ध केलेल्या दोन याद्या घ्या. १४ मार्चच्या याद्या बाजूला ठेवा, त्यांत रोख्यांचे क्रमांक नाहीत, त्यामुळे कोणाचा रोखा कोणी वटवला ते कळत नाही. २१ तारखेच्या पहिल्या यादीत खरेदीची तारीख, खरेदीदार, अक्षरी उपसर्ग, रोख्याचा क्रमांक, रक्कम आणि शाखेचा क्रमांक आहे. दुसरीत वटवल्याची तारीख, पक्ष, पक्षाच्या खात्याचे शेवटचे अंक, उपसर्ग, क्रमांक आणि रक्कम.

सांधा आहे तो उपसर्ग आणि क्रमांक मिळून. एक कोटीच्या रोख्याला 'ओसी', दहा लाखाच्या रोख्याला 'टीएल', एक लाखाच्या रोख्याला 'ओएल', दहा हजाराच्या रोख्याला 'टीटी' आणि एक हजाराच्या रोख्याला 'ओटी'. प्रत्येक किमतीच्या रोख्यांची क्रमवारी वेगळी चालते, म्हणून एकच क्रमांक एक कोटीच्या रोख्यावरही असू शकतो आणि दहा लाखाच्या रोख्यावरही. नुसता क्रमांक घेऊन जुळवणी केली तर भलत्याच कंपनीचा पैसा भलत्याच पक्षाच्या नावावर चढतो, आणि बेरीज दिसायला ठीकच दिसते. हीच या कामातली सर्वांत धोकादायक चूक.

क्रम असा ठेवा. दोन्ही पीडीएफ स्प्रेडशीटमध्ये आणा. दोन्हीकडे उपसर्ग आणि क्रमांक जोडून एक नवा स्तंभ करा, उदाहरणार्थ 'ओसी-७७५'. जोडण्याआधी ट्रिम लावून मोकळ्या जागा काढा, आणि दोन्ही बाजू मजकूर म्हणून साठवा. एका बाजूला अंक आणि दुसऱ्या बाजूला मजकूर असेल तर डोळ्यांना सारखे दिसणारे दोन क्रमांक संगणकाला वेगळे वाटतात. काउंटइफ हे मोजणीचे सूत्र वापरून हा नवा स्तंभ प्रत्येक यादीत एकदाच येतो ना ते पाहा. दोनदा आला तर पीडीएफमधून आणताना ओळ दुमडली आहे. मग एक्सलुकअप या शोधसूत्राने वटवलेल्या यादीतून पक्षाचे नाव खरेदीच्या यादीत ओढा.

आता तपासणी. रोख्याची मुदत १५ दिवसांची होती, म्हणून खरेदी आणि वटवणी यांत १५ दिवसांपेक्षा जास्त अंतर दिसले तर तारीख वाचण्यात घोळ आहे. एप्रिलची १२ तारीख आणि डिसेंबरची ४ तारीख यांची अदलाबदल संगणक फार आनंदाने करतो. खरेदीचे दिवसही ठराविक होते: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरचे दहा-दहा दिवस, शिवाय निवडणुकांच्या वर्षांत दिलेले जादा दिवस. भलत्याच महिन्यातली खरेदी दिसली की आधी त्या जादा दिवसांची यादी बघा, नंतर आपली चूक शोधा.

काही ओळी कितीही घासल्या तरी जुळणार नाहीत. न्यायालयाने १२ एप्रिल २०१९पासूनचा तपशील मागितला होता. रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेने सांगितल्याप्रमाणे त्या दिवसापासून १८,८७१ रोखे विकले गेले, पण वटवले गेले २०,४२१. हे जास्तीचे रोखे आधी विकलेले होते, फक्त वटले नंतर. त्यांचा खरेदीदार यादीत सापडणारच नाही. अशा ओळींपुढे 'खरेदी १२ एप्रिल २०१९पूर्वी' असा शेरा मारा आणि पुढे चला. त्या आधीच्या काळासाठी १७ मार्च २०२४ला आयोगाने प्रसिद्ध केलेले पक्षांचे स्वतःचे जबाब आहेत. द्रमुक, अण्णाद्रमुक, जनता दल सेक्युलर अशा मोजक्यांनी देणगीदारांची नावे सांगितली. जनता दल युनायटेडचा जबाब तर मुळातूनच वाचावा: ३ एप्रिल २०१९ला पाटण्याच्या कार्यालयात कोणीतरी बंद पाकीट देऊन गेले, उघडले तर एक-एक कोटीचे दहा रोखे.

नावे स्वच्छ करण्याचे काम शेवटी करा, आधी नाही. फ्यूचर गेमिंगचेच नाव यादीत पूर्णही आहे आणि 'प्रायव्हेट' शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवर तुटलेलेही आहे. मेघाच्या नावात 'लिमिटेड' मध्येच फुटलेले आहे. मूळ नावाचा स्तंभ जसाच्या तसा ठेवून शेजारी 'ठरवलेले नाव' असा नवा स्तंभ करा. मूळ नाव पुसणाऱ्याला नंतर स्वतःचीच चूक शोधता येत नाही. पक्षांचेही तेच: काँग्रेस 'अध्यक्ष, अखिल भारतीय काँग्रेस कमिटी' या नावाखाली आहे, समाजवादी पक्षाच्या नावापुढे 'अध्यक्ष' हा शब्द आहे. गोव्याचे दोन पक्ष, महाराष्ट्रवादी गोमंतक आणि गोवा फॉरवर्ड, लहान रकमांसह त्याच यादीत सापडतात.

सगळे जुळवूनही दोन स्रोतांत फरक पडतो. द्रमुकने स्वतःच्या जबाबात फ्यूचर गेमिंगकडून ५०९ कोटी मिळाल्याचे सांगितले, जुळवणीतून ५०३च्या आसपास येतात. सरासरी काढू नका. दोन्ही आकडे आपापल्या स्रोतासह लिहा.

इलेक्टोरल ट्रस्ट

रोखे गेल्यानंतर मोठा पैसा पुन्हा या वाटेने वाहू लागला आहे. २०१३च्या योजनेनुसार ट्रस्टला वर्षभरात आलेल्या देणग्यांपैकी ९५ टक्के रक्कम ३१ मार्चच्या आत पक्षांना वाटावी लागते, रोख घेता येत नाही आणि दुसऱ्या ट्रस्टकडूनही घेता येत नाही. टाटांचा प्रोग्रेसिव्ह, आदित्य बिर्ला समूहाचा एबी जनरल, मुरुगप्पांचा ट्रायम्फ हे एकेका समूहाभोवतीचे. प्रुडंट मात्र अनेक समूहांचा. आधी त्याचे नाव सत्या होते आणि तो भारती समूहाने काढलेला होता.

एकाच समूहाचा ट्रस्ट असेल तर काम सरळ आहे: आत कोण, बाहेर कोण, अहवालात दिसते. २०१८-१९मध्ये प्रोग्रेसिव्हने भाजपला ३५६ कोटी आणि काँग्रेसला सुमारे ५५ कोटी दिले. प्रुडंटसारख्या सामाईक ट्रस्टमध्ये गाठ बसते. २०२३-२४मध्ये त्याच्याकडे सुमारे १,०७५ कोटी आले, त्यातले सुमारे ७२३ कोटी भाजपला, १५६ कोटी काँग्रेसला गेले. आत अनेक कंपन्या, बाहेर अनेक पक्ष, मध्ये एकच हंडा. कोणत्या कंपनीचे पाणी कोणाच्या घागरीत गेले ते अहवाल सांगत नाही.

एक युक्ती वापरली जाते: अहवालात दोन्ही बाजूंच्या तारखा असतात, त्या शेजारी शेजारी मांडायच्या. कंपनीने सोमवारी मोठी रक्कम भरली आणि गुरुवारी ट्रस्टने नेमकी तेवढीच एका पक्षाला दिली, मध्ये दुसरी काही आवक नाही, तर संशयाला जागा आहे. पुरावा मात्र नाही. शीटमध्ये अशा जोड्यांपुढे 'तारीख जुळते' एवढेच लिहा.

दुहेरी मोजणी इथेच होते. कंपनीच्या अहवालात ट्रस्टला दिलेले १० कोटी, ट्रस्टच्या अहवालात तेच १० कोटी, पक्षाच्या अहवालात पुन्हा तेच. एक रुपया, तीन कागद. बेरीज करताना एकच थर निवडा. पक्षांची तुलना करायची तर पक्षाचा थर, कंपन्यांची करायची तर कंपनीचा.

पक्षाच्या बाजूचे कागद

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-सीखाली प्रत्येक पक्ष २४-ए या नमुन्यात अहवाल देतो. एका आर्थिक वर्षात एका देणगीदाराकडून २०,००० रुपयांच्या वर आलेली रक्कम त्यात नावानिशी असते. आयोगाच्या संकेतस्थळावर राजकीय पक्षांच्या भागात हे अहवाल, लेखापरीक्षित जमाखर्च आणि ट्रस्टचे अहवाल असे तीन वेगळे कप्पे आहेत. राष्ट्रीय पक्षांचे अहवाल शेकडो पानांचे आणि बहुधा वाकडे स्कॅन केलेले असतात. ओसीआर (स्कॅनमधली अक्षरे मजकुरात बदलणे) करा, पण रकमेचा स्तंभ डोळ्यांनी पुन्हा वाचा. ३ आणि ८ यांची गल्लत नेहमीची. पानाच्या तळाशी पक्षाने दिलेली बेरीज असेल तर आपली बेरीज तिच्याशी लावून बघणे हा सर्वांत स्वस्त तपास.

अहवालात व्यक्तींचे पत्ते आणि पॅन क्रमांकही असतात. तुमची शीट कोणाला देणार असाल तर ते स्तंभ आधी काढून टाका.

शून्याला भुलू नका. बहुजन समाज पक्ष वर्षानुवर्षे २०,०००च्या वरची एकही देणगी आली नसल्याचे कळवत आला आहे. त्याचा लेखापरीक्षित जमाखर्च उघडला तर उत्पन्न दिसते. ते लहान देणग्या, सभासद वर्गणी, व्याज अशा डोक्यांखाली असते. माकपने रोखे घेतलेच नाहीत, त्याचे रोख्यांतले शून्य वेगळ्या जातीचे आहे.

फुटलेले पक्ष

कंपन्यांच्या वाटण्यांइतकाच हा भाग निसरडा, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तर यात पडावेच लागते. यादीत 'शिवसेना' असे एकच नाव आहे. जून २०२२ आधी वटलेला रोखा अखंड शिवसेनेचा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने नाव आणि धनुष्यबाण गोठवले, १७ फेब्रुवारी २०२३ला ते एकनाथ शिंदे गटाला दिले. राष्ट्रवादी काँग्रेस जुलै २०२३मध्ये फुटली, नाव आणि घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ला अजित पवार गटाकडे गेले. म्हणजे रोख्यांची शेवटची खेप, जानेवारी २०२४ची, विकली गेली तेव्हा राष्ट्रवादीचा निकाल लागलेलाच नव्हता.

यादी पक्षाचे नाव सांगते, गटाचे नाही. म्हणून प्रत्येक रकमेपुढे कालखंड लिहा: 'फुटीपूर्वी', 'वाद चालू असताना', 'निकालानंतर'. मधल्या खान्यातली रक्कम कोणत्याही गटाच्या बेरजेत टाकू नका. उद्धव ठाकरे आणि शरद पवार यांच्या पक्षांना नव्या नावाने लोकांकडून देणगी स्वीकारण्याची परवानगी आयोगाने जुलै २०२४मध्ये दिली, त्यामुळे त्यांची मागची वर्षे नव्या नावाखाली शोधून काही मिळायचे नाही. बिहारातल्या लोकजनशक्तीचे दोन तुकडे २०२१चे. तेलंगणा राष्ट्र समितीचे भारत राष्ट्र समिती झाले ते फुटीने नव्हे, नामांतराने. तिथे दोन्ही नावांची बेरीज करायलाच हवी.

कालरेषा मांडताना

देणगी आणि सरकारी निर्णय शेजारी ठेवायचे तर निर्णयाची एकच तारीख घेऊन भागत नाही. कंत्राटाला किमान चार तारखा असतात: निविदेची जाहिरात, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, स्वीकृतीपत्र. बातमीत येते ती बहुधा शेवटची. आर्थिक लिफाफे उघडून सर्वांत कमी बोली ठरल्यानंतर घेतलेला रोखा आणि जाहिरात निघण्याआधी घेतलेला रोखा यांचा अर्थ सारखा नाही. छाप्यांचेही असेच: तपास यंत्रणेने गुन्हा कधी नोंदवला, झडती कधी, आरोपपत्र कधी, तिन्ही टाका. त्याच कंपनीने त्याच आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या विरोधी पक्षालाही पैसे दिले का, तेही त्याच रेषेवर दाखवा. हे न दाखवता काढलेला आलेख खोटा नसतो, अर्धा असतो.

शीटच्या शेवटच्या स्तंभात प्रत्येक ओळीचा दर्जा लिहा: 'कागदावर आहे', 'जुळवलेले' किंवा 'अंदाज'. बाहेर लिहिताना पहिल्या दर्जासाठी 'दिले' हे क्रियापद चालते, दुसऱ्यासाठी 'याद्या जुळवल्यावर दिसते' असे म्हणावे. तिसरा दर्जा स्वतःपुरता ठेवावा.

पुन्हा कधी बघायचे तेही कॅलेंडरवर टाकून ठेवा. २४-एची मुदत ३० सप्टेंबर, लेखापरीक्षित जमाखर्चाची ३१ ऑक्टोबर. पक्ष उशीर करतात आणि आयोग चढवायलाही वेळ लावतो, त्यामुळे मार्चमध्ये संपलेल्या वर्षाचे पूर्ण चित्र डिसेंबरच्या आसपास हाती येते. लोकसभेच्या निवडणुकीचा मोसम एप्रिल-मेमध्ये येतो, म्हणजे २०२४च्या निवडणुकीचा पैसा २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन अहवालांत वाटला गेला आहे. एकच उघडून निवडणुकीची बेरीज काढू नका. पक्षाने नंतर सुधारित अहवाल दिला तर जुनी फाइल पुसू नका. दोन्हींच्या नावापुढे उतरवून घेतल्याची तारीख टाका आणि कोणत्या ओळी बदलल्या त्यांची यादी सर्वांत आधी करा.